आखाजीचं रात्रीचं जेवण: नऊ माणसं आणि एक खापर

१२ एप्रिल २०२५, शनिवार

आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय तृतीया, यंदा ३० एप्रिलला, बुधवारी आहे. त्या रात्री अमळनेरच्या घरी जेवायला नऊ माणसं असतील: आई, मावशी, सुरतेहून येणारी ताई, दाजी, दोघं भाचे, आम्ही नवरा-बायको आणि आमची मुलगी. पुरणाचे मांडे, म्हणजे हातावर ताणून केलेल्या मोठ्या पातळ पुरणपोळ्या, घरीच, खापरावर (पालथ्या मातीच्या भांड्यावर) करायचे ठरवलंय. मांडे म्हटलं की भाऊबंदांतल्या चार-पाच जणी, अंगणात मोठी चूल आणि पन्नास-साठ पानं, असंच सगळे धरून चालतात. नऊ जणांसाठी तोच बेत कसा बसवायचा ते सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून जसं घडेल तसं लिहून ठेवतोय. पुढे कुणाला करायचं झालं तर निदान आमचा वेळ कुठे गेला ते कळेल.

एक अट पहिल्याच दिवशी घातली आहे. ताईने चुलीपुढे बसायचं नाही. आखाजी हा आमच्याकडे सासुरवाशिणीचा सण. ती माहेरी येते ती झोक्यावर बसायला, गौराईची गाणी म्हणायला. पण आमच्या घरात गेली काही वर्षं ताई आली की पदर खोचून सरळ स्वयंपाकघरात जाते आणि जेवणं उरकल्यावर रात्री अकराला तिथून बाहेर येते. आईही तशीच. या वेळी नऊच्या नऊ जणांनी एकाच पंगतीत बसायचं, हा या बेताचा खरा हेतू.

आईने नेहमीची यादी सांगितली: मांडे, आमरस, रशी (पुरणाच्या डाळीच्या कटाची आमटी), भात, कुरडया, पापड, भजी, शेवयांची खीर, सांजोऱ्या, भरली वांगी, कैरीची चटणी. अकरा पदार्थ झाले. मी कागदावर प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहिली: पान वाढायच्या आधीच्या अर्ध्या तासात याला कुणाचा हात लागतो का? मांडे, भजी, कुरडया, पापड या चौघांना लागतो. बाकी सगळं आधी होऊन राहतं. पण मांडे करणारीला दुसऱ्या कशाकडे बघताच येत नाही. म्हणजे चार पदार्थांना दोन माणसं, एक खापर आणि एक कढई. एवढं बसतं. याच्या वर एकही गरम पदार्थ बसत नाही.

भरली वांगी काढली. मांडा, रस आणि रशी असताना तिला कुणी हात लावत नाही, ती दुसऱ्या दिवशी गाईला जाते. खीर आणि सांजोऱ्या जेवणातून काढल्या, पण पितरांची घागर भरायला आणि आगारीला (त्यांच्या नावाने विस्तवात टाकायचा घास) त्या लागतात, म्हणून वाटीभर खीर आणि मोजक्या सांजोऱ्या दुपारपुरत्या. आईला हे पटायला वेळ लागला. "पान रिकामं दिसेल," म्हणाली. मी म्हटलं, आई, मांडा पानात मावतच नाही, रिकामं कुठून दिसेल?

१३ एप्रिल, रविवार

तिथीचा घोळ सोडवला. तृतीया ३० तारखेला दुपारी दोनच्या सुमारास संपते, म्हणजे घागर भरणं आणि पितरांना आगारी टाकणं दुपारच्या आतच. दाजींची गाडी मात्र संध्याकाळी पोचते. दोन्ही वेळेला मांडे करणं अशक्य आहे. या दिवसांत पारा चाळिसाच्या वर असतो, भर दुपारी खापर पेटवणं म्हणजे माणसाला आजारी पाडणं.

ठरलं ते असं: सकाळी तव्यावर नैवेद्यापुरत्या साध्या पुरणपोळ्या, त्याच पुरणातून. दुपारी सगळ्यांनी वरण-भात, पोळी असं हलकं जेवायचं. मांडे रात्री, गच्चीवर.

गव्हाचं काम आज सुरू केलं. घरातलाच लोकवन गहू निवडला, पाण्याचा हात लावून ओलवला आणि रात्रभर कपड्यात बांधून ठेवला. उद्या सावलीत सुकवून दळायला द्यायचा. ओलवल्याने कोंडा चिवट होतो, दळताना त्याचा भुगा न होता मोठे पापुद्रे निघतात आणि चाळताना वर राहतात. एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

१७ एप्रिल, गुरुवार

कुंभाराकडून खापर आणलं, अडीचशे रुपये. नखाने टिचकी मारून आवाज ऐकून घ्यायचं. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर असते. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलंय.

१९ एप्रिल, शनिवार

खापराला तडा गेला. पाण्यातून काढून एक दिवस वाळवलं होतं आणि आज तीन विटांवर पालथं घालून खाली कपाशीच्या काड्या पेटवल्या. वरून ते कोरडं दिसत होतं, पण काठाच्या जाड भागात ओल होती. काड्या भसकन पेटतात, ती ओल वाफ होऊन बाहेर पडायला वाट सापडली नाही आणि काठापासून मध्यापर्यंत रेघ उमटली.

दुसरं आणलं, पुन्हा अडीचशे. कुंभारमामांनी या वेळी नीट सांगितलं: भिजवलंत तर दोन दिवस उन्हात पालथं ठेवा, पहिला जाळ गोवरीचा द्या, काड्यांचा नको. गोवरी हळूहळू धुमसते. खापर तासाभरात सावकाश तापलं की वरून तेलाचं फडकं फिरवायचं आणि निखाऱ्यावरच निवू द्यायचं. पाणी मारून गार करायचं नाही.

२० एप्रिल, रविवार

मांड्यांची पहिली तालीम, अर्धा किलो पिठाची. खापर अजून वाळतंय म्हणून आज फक्त पीठ आणि हाताची सवय, भाजणं मोठ्या लोखंडी तव्यावर.

एकही मांडा अखंड उतरला नाही. बायकोने उंडा लाटून हातावर घेतला की कोपरापर्यंत जायच्या आत मध्ये भोक पडायचं. आम्हाला वाटलं हात चुकतोय. पीठ बोटांत धरून ताणलं तेव्हा कारण दिसलं: ताणलेल्या पडद्यात कोंड्याचे बारीक कण होते आणि फाटायला तिथूनच सुरुवात होत होती. पीठ नेहमीच्या चाळणीने चाळलं होतं.

मैदा मिसळावा का यावर बराच वाद झाला. अर्धा मैदा घातला तर मांडा सहज ताणला जातो, हल्ली बरेच जण तसंच करतात. पण तो गार झाला की चामट होतो आणि गव्हाची चव जाते. आमच्या मांड्यांत मैदा घालायचा नाही असं ठरलं. जुन्या मलमलीच्या धोतराच्या तुकड्यातून पीठ वस्त्रगाळ करायचं. पाऊण किलो पीठ असं गाळायला सव्वा तास लागला आणि घरभर पांढरं झालं. हे काम सणाच्या दिवशी कुणी काढू नये. आधी करून डब्यात भरून ठेवावं.

२२ एप्रिल, मंगळवार

मावशी गावाहून आली. तिने पीठ मळताना बघितलं आणि माझ्या हातातून परात काढून घेतली.

तिची पद्धत लिहून ठेवतो. एक किलो वस्त्रगाळ पिठाला मीठ घालून आधी पोळीच्या कणकेपेक्षा थोडं घट्टच मळायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. मग पाण्याचा हबका मारत तिंबायचं. एकदम पाणी ओतायचं नाही, मूठमूठ पाणी पीठ पिऊन घेईल तसं. परातीत आपटायचं, ओढायचं, दुमडायचं, पुन्हा आपटायचं. शेवटी तेलाचा हात. पाऊण तास तरी जातो आणि दंड भरून येतात. आम्ही दहा मिनिटांत थांबत होतो.

"पिठले (पिठाला) तार सुटू दे," मावशी म्हणाली, "मंग हात लाव." बोटाने वर उचललं की पीठ तुटत नाही, लोंबतं आणि त्यातून पलीकडचा उजेड दिसतो, ती तार. त्यानंतर ओल्या फडक्याखाली दोन तास.

पुरणाबद्दल ती जे बोलली ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पुरण आणि कणीक मऊपणात सारखी हवीत. पुरण घट्ट असेल तर लाटताना तो गोळा कणकेला आतून फाडतो, सैल असेल तर एका बाजूला पळतं. आमच्या तालमीतलं पुरण गार होऊन दगड झालं होतं. अर्धा दोष पिठाचा, अर्धा त्याचा.

२४ एप्रिल, गुरुवार

आंबे. आखाजीला पितरांना आंबा दाखवल्याशिवाय आमच्याकडे कुणी रस खात नाही, म्हणून हा वर्षातला पहिला रस. २०२३ ला अधिक श्रावण आला होता, त्यामुळे २०२४ ची आखाजी १० मे पर्यंत लांबली होती आणि बाजारात आंबा भरपूर होता. यंदा दहा दिवस आधी आलीय. गावरान आंबा अजून झाडावर हिरवा आहे. मिळतोय तो बाहेरून येणारा बदाम जातीचा आंबा, किलोला एकशेवीस रुपये.

पिवळाजर्द दिसणारा घेतला नाही. कार्बाइडने आंबा पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी एकसारखा पिवळा, देठाशी वास नसलेला आणि दाबला तर कडक असा आंबा दिसला की मी हात लावत नाही. कडक, पण खांदे भरलेले, देठाशी खोलगट झालेले पाच किलो निवडले आणि घरी खोक्यात वाळलं गवत घालून अढी लावली. एका आंब्याला दुसरा चिकटू द्यायचा नाही. रोज संध्याकाळी उघडून बघायचं, डाग पडलेला लगेच बाहेर.

नऊ माणसांना दोन लिटरच्या आसपास रस हवा. किलोभर बदाममधून साल-कोय जाऊन निम्म्याहून थोडा जास्त निघतो, म्हणजे चार किलो लागणार. एक किलो सडण्यासाठी धरला आहे.

२६ एप्रिल, शनिवार

गच्चीवर खऱ्या खापरावर तालीम. स्लॅबवर आधी वाळूचा थर, त्यावर विटा, त्यावर चूल. वाळू नसती तर स्लॅब तापून तडकू शकला असता.

पीठ सुंदर झालं होतं. मांडा बायकोच्या हातावर कोपरापर्यंत उतरला, मावशीने नुसती मान हलवली. पण खापरावर पडला तो अर्धा करपला आणि अर्धा कच्चा राहिला. पश्चिमेचा वारा जाळ एकाच बाजूला ढकलत होता. खापर फिरवून बघितलं, मांडा फिरवून बघितला, उपयोग नाही. शेवटी वाऱ्याच्या बाजूला गुडघाभर उंच विटा रचल्या आणि त्याला जुना पत्रा टेकवला. जाळ सरळ झाला. अंगणात चूल असती तर भिंतींनी हे काम आपोआप केलं असतं. गच्चीवर करणाऱ्याने आडोसा आधी उभारावा, मग काडी ओढावी.

जाळासाठी एक माणूस वेगळा लागतो हेही आज कळलं. काड्या झटकन पेटतात आणि झटकन विझतात, दर मिनिटाला मूठभर साराव्या लागतात. मांडे करणारीने ते बघायचं ठरवलं तर हातावरचा मांडा लोंबत राहतो. हे काम माझं.

२९ एप्रिल, मंगळवार

ताई आणि भाचे दुपारच्या गाडीने आले. सुरतेच्या बाजारातून अर्धा डझन हापूस घेऊन आली. याचा फार उपयोग होणार आहे. बदामचा रस भरपूर निघतो, पण त्याला वास कमी.

अढीतले काही आंबे डागाळले, जेवढे धरले होते त्याहून कमीच.

संध्याकाळी पुरण. किलोभर हरभरा डाळ तासभर भिजवून शिजवली, कट निथळून बाजूला काढला. निथळायला पूर्ण अर्धा तास चाळणीत ठेवली. तेवढ्या वेळात पाणी गेलं नाही तर गूळ घातल्यावर पुरण आमटीसारखं होतं आणि आटवायला दुप्पट वेळ जातो. आठशे ग्रॅम गूळ, दोनशे साखर. निव्वळ गुळाचं पुरण मांड्यात चिकट होतं, थोडी साखर त्याला मोकळं ठेवते. उलथणं मधोमध उभं राहिलं की गॅस बंद, गरम असतानाच पुरणयंत्रातून काढलं, जायफळ-वेलदोडा. फ्रिजमध्ये ठेवलं, पण उद्या दुपारी चारलाच बाहेर काढायचं आणि गरज पडली तर दुधाचा हात लावून मळायचं, म्हणजे मावशीची अट पाळली जाईल.

कट उकळून, गार करून तोही फ्रिजमध्ये. या उन्हात डाळीचं पाणी रात्रभर बाहेर राहिलं तर सकाळी आंबतं.

रशीचा मसालाही आज वाटून ठेवला: चुलीत भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण, कोथिंबीर आणि घरचा काळा मसाला.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

सकाळी नवी घागर भरली, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर डांगर (खरबूज), सांजोरी आणि आंबा. तव्यावरच्या पुरणपोळ्या, वाटीभर खीर, रस, कांदा-लसूण न घातलेली थोडी रशी, तळलेली कुरडई. साडेअकराला आगारी टाकून झाली. नैवेद्याची रशी आधी वेगळी काढून उरलेल्या कटाला मसाल्याची फोडणी दिली, म्हणजे दोनदा करावी लागली नाही.

दुपारी वरण-भात. ताई आणि मुलगी शेजारच्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर गेल्या त्या साडेपाचपर्यंत तिथेच होत्या. मधे एकदा ताई दारात येऊन "काही लागलं का?" विचारून गेली. आईनेच तिला परत पाठवलं.

चारला पीठ भिजवायला घेतलं. इथे अडचण आली. तालमीला पीठ संध्याकाळच्या गारव्यात भिजवलं होतं, आज चारच्या उन्हात ते तासाभरातच वाजवीपेक्षा सैल पडलं, परातीत पसरायला लागलं. वरून कोरडं पीठ घातलं असतं तर गाठी झाल्या असत्या आणि तार गेली असती. मावशीने परात उचलून माठाशेजारी ओल्या गोणपाटावर ठेवली, वर ओलं फडकं. पाऊण तासात ते सावरलं. उन्हाळ्यात करणाऱ्यांनी पीठ पाचनंतर भिजवावं किंवा गार पाण्यात भिजवावं.

सहाला रस. मिक्सर वापरला नाही. त्यात हवा शिरून रस फिका आणि फेसाळ होतो. आंबे पाण्यात भिजवून, हाताने पिळून, चाळणीतून काढला. बदामच्या रसात हापूसचा रस मिसळला आणि घरभर वास सुटला. साखर किंचित, चिमूटभर सुंठ. आईने कोयी रसातच ठेवल्या, काळा पडू नये म्हणून.

दाजी साडेसातला आले. पावणेआठला खापर पेटवलं, तापायला वीस मिनिटं दिली. पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून लगेच उडायला हवा, तोवर थांबायचं.

पहिला मांडा खापराला चिकटला. तो काढून खापर फडक्याने पुसलं आणि थोडा जाळ वाढवला, पुढचे सगळे सुटे निघाले. दोन लाट्यांच्या मधे त्यांच्याहून मोठा पुरणाचा गोळा, कडा बंद करून पिठीवर वीतभर लाटायचं, मग दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत कडा बाहेर खेचायच्या. खापरावर पडल्यावर मिनिट-दीड मिनिटात उलटायचा आणि गरम असतानाच चौघडी घालायची. गार झाल्यावर घडी घातली तर दुमडीवर तुटतो. किलोभर पिठात अकरा मांडे झाले.

आता एका पंगतीचं गणित. मांडा गरमच खायला हवा असा आग्रह धरला तर करणारी कधीच पंगतीत बसू शकत नाही. आम्ही सगळे मांडे आधी करून, सुती कापडात गुंडाळून, झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवले. चाळीस मिनिटांनी काढले तेव्हा ते कोमट आणि मऊ होते. वर वाटीभर तूप घेतल्यावर कुणाला फरक जाणवला नाही. मावशीलाही विचारलं, ती म्हणाली, "चांगला शे." तेवढ्या वेळात गिलक्याची (घोसाळ्याची) भजी, कुरडया आणि पापड एकाच कढईत तळून झाले. कुरडया आईने याच चैत्रात घातलेल्या, गहू भिजवून चीक काढून. तेल चांगलं तापलेलं हवं, नाहीतर मधली नळी कडक राहते.

पावणेदहाला नऊ पानं एकदम बसली. ठरवलं होतं त्यापेक्षा पाऊण तास उशीर, धाकटा भाचा अर्धवट झोपेत होता. लहान मुलं असतील तर खापर सातलाच पेटवावं आणि पाहुण्यांची गाडी नंतर आली तरी चालेल, कारण मांडे डब्यात थांबतात. ताईच्या एका बाजूला आई होती, दुसऱ्या बाजूला मावशी. तिघींनाही कुणी "जरा बघ गं" म्हणून उठवलं नाही. भात कुणी घेतला नाही, तो उगाच केला.

१ मे, गुरुवार

हिशेब. दोन खापरं पाचशे, आंबे सहाशे, डाळ-गूळ-साखर पावणेदोनशेच्या आसपास, तूप आणि तळणीचं तेल मिळून साडेपाचशे. दळण, गिलके, सुट्टं सामान शंभर-सव्वाशे. गहू घरचा, काड्या आणि विटा शेजाऱ्यांच्या. तालमींमध्ये जे पीठ-पुरण गेलं ते यात धरलेलं नाही.

उरलं ते: दोन मांडे, वाटीभर पुरण, बरीच रशी. रशी आज जास्त चांगली लागली. मांड्यांचे तुकडे करून दुधात भिजवून मुलांना दिले.

नऊ माणसांना पाऊण किलो डाळ पुरली असती. रशी मात्र कमी करू नये, कारण गोडाच्या पानात जीभ तीच मागते. भाताऐवजी कैरीची चटणी दुप्पट करायला हवी होती, ती पहिल्या वाढीतच संपली.

पुढची आखाजी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात येते, म्हणजे आंब्याची अडचण यंदापेक्षा मोठी. ताईला आत्ताच सांगून ठेवलंय की येताना डझनभर हापूस आणायचे, अढीवर विसंबायचं नाही. खापर धुतलेलं नाही, कोरड्या फडक्याने पुसून, जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर पालथं ठेवलंय. साबण लावला तर माती तो पिऊन घेते आणि पुढच्या मांड्याला त्याचा वास येतो.

गाळलेलं पीठ अर्धा किलो शिल्लक आहे. बायको म्हणते येत्या रविवारी पुन्हा खापर पेटवू, तिला आता मांडा खांद्यापर्यंत न्यायचाय. मावशी तोवर थांबतेय.